लाइपझिगचा नाताळ, बाखच्या वेळापत्रकाने

२१ डिसेंबर

मुंबईहून फ्रँकफर्टला थेट विमान मिळतं. विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, तिथून आयसीई या जलद गाडीने लाइपझिग साधारण साडेतीन तास. बर्लिनला उतरलात तर काम आणखी सोपं, सव्वा तासात लाइपझिग. दोन्हीकडे तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, पण स्वस्त तिकीट त्या एका गाडीलाच बांधलेलं असतं. हिवाळ्यात विमान उशिरा उतरण्याची शक्यता धरून मध्ये निदान तीन तास मोकळे ठेवावेत.

राहायला जुन्या गावाच्या वर्तुळाच्या आत किंवा स्टेशनजवळ जागा बघावी. जुनं लाइपझिग छोटं आहे. सेंट थॉमस चर्च पश्चिमेला, सेंट निकोलाय चर्च पूर्वेला, मध्ये बाजारचौक आणि जुनं नगरभवन. एका चर्चपासून दुसऱ्यापर्यंत चालत आठ-दहा मिनिटं. हे अंतर पायाखालून घालून ठेवायचं, कारण सगळा प्रवास याच रस्त्याने फिरणार आहे.

संगीतासाठी लाइपझिगला येणारे बहुतेक लोक अ‍ॅडव्हेंटमधल्या (नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या) एका संध्याकाळी योहान सेबास्टियन बाखच्या ख्रिसमस ओरेटोरिओचे, म्हणजे गायक-वादकांसाठी रचलेल्या नाताळकथेचे, पहिले तीन भाग ऐकतात आणि परत जातात. आमच्या मते त्यात निम्मी गंमत हुकते. बाख इथल्या थॉमस शाळेचा कांटोर, म्हणजे संगीतशिक्षक आणि शहरातल्या चर्चच्या संगीताचा प्रमुख. त्याने हे काम एका बैठकीसाठी लिहिलेलंच नाही. १७३४ च्या नाताळापासून १७३५ च्या ६ जानेवारीपर्यंत, सहा वेगवेगळ्या सणाच्या दिवशी, दोन चर्चमध्ये आळीपाळीने त्याचे सहा भाग झाले. एकूण ६४ क्रमांक (म्हणजे छोटे तुकडे), सगळे मिळून जवळपास अडीच तास. म्हणून आम्ही दौरा त्या सहा तारखांना आखतो आणि रोज एकच भाग ऐकतो. त्या दिवशी कुठे प्रत्यक्ष प्रयोग असेल तर तो, नसेल तर त्या चर्चच्या बाकावर बसून हेडफोनवर. भाग वीस ते तीस मिनिटांचा असतो, तेवढा वेळ कुणी उठवत नाही. फक्त उपासना चालू असताना हे करू नये.

२२ डिसेंबर

सकाळी सेंट थॉमस चर्चच्या अंगणात. दक्षिणेच्या बाजूला बाखचा पुतळा आहे, कार्ल झेफनरने १९०८ साली केलेला. त्याच्या मागे थॉमस शाळेची इमारत होती, ती १९०२ मध्ये पाडली. बाखचं बिऱ्हाड त्याच शाळेच्या एका टोकाला होतं. भिंतीपलीकडे मुलांचं वसतिगृह, वर्ग, तालमी. १७३१-३२ मध्ये इमारतीवर आणखी मजले चढवले, तेवढे महिने कुटुंबाला दुसरीकडे भाड्याने राहावं लागलं.

त्या घरात डिसेंबर १७३४ मध्ये कोण होतं ते डोक्यात ठेवून फिरलं तर पुढचं सगळं वेगळं ऐकू येतं. बाख ४९ वर्षांचा. दुसरी बायको आना माग्दालेना ३३ ची, लग्नाआधी कोथेनच्या दरबारात पगारी गायिका. थोरली मुलगी काथारिना डोरोथेआ, नाताळाच्याच आठवड्यात २६ पूर्ण करणारी. योहान गॉटफ्रीड बर्नहार्ड १९ चा, पुढच्याच वर्षी म्युलहाउझेनला ऑर्गनवादक म्हणून रुजू झाला. गॉटफ्रीड हाइनरिश १०, एलिझाबेथ ८, आणि योहान क्रिस्टोफ फ्रीडरिश अडीच वर्षांचा. थोरला विल्हेल्म फ्रीडेमान १७३३ पासून ड्रेस्डेनला सोफिया चर्चचा ऑर्गनवादक होता. त्याच्या पाठचा कार्ल फिलिप एमानुएल १७३४ मध्येच फ्रँकफुर्ट आन डेर ओडरला शिकायला गेला होता. म्हणजे ज्या वर्षी एवढं मोठं काम हाती घेतलं, त्याच वर्षी घरातले दोन तयार हात बाहेर होते.

२८ ऑक्टोबर १७३० ला आपला जुना मित्र गेओर्ग एर्डमान याला लिहिलेल्या पत्रात बाख सांगतो की मुलं सगळी जन्मजात संगीतकार आहेत, घरच्या घरी गायन-वादनाचा ताफा उभा करता येतो, बायको स्वच्छ सोप्रानो (सगळ्यांत उंच आवाजात) गाते आणि थोरली मुलगीही बरी साथ देते. त्याच पत्रात पैशाचा हिशेब आहे: नोकरीची प्राप्ती सुमारे ७०० थालर (तेव्हाचं चांदीचं नाणं), आणि त्यातला बराच भाग लग्न-अंत्यविधींच्या वरकमाईवर. हवा चांगली असली की माणसं कमी मरतात. १७२९ मध्ये त्यामुळे शंभरावर थालर बुडाले, असं तो सरळ लिहितो.

समोरच्या बोसे यांच्या घरात आज बाख संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं आणि सणाच्या दिवसांत वेळा बदलतात, त्यामुळे ते २२ किंवा २३ लाच उरकावं. तिथे एका दालनात बरोक वाद्यवृंदातलं एकेक वाद्य वेगळं काढून ऐकता येतं. ओबो दा काच्चा आणि ओबो दामोरे, या ओबो नावाच्या फुंकवाद्याच्या दोन प्रकारांच्या आवाजातला फरक कानात पक्का करून मगच बाहेर पडावं. तो २६ तारखेला लागणार आहे. काच्चा खालच्या पट्टीतला, वाकडा, कातड्याने मढवलेला आणि टोकाला पितळी तोंड असलेला, आवाज थोडा घोगरा. दामोरे सरळ, खाली नासपतीसारखा फुगीर, आवाज मऊ.

२३ डिसेंबर

नाताळबाजाराचा हा साधारणपणे शेवटचा दिवस. ग्लूवाइन (मसाला घातलेली गरम वाइन) किंवा मुलांसाठी मसाला घातलेला गरम रस मातीच्या मगात देतात, मगाची अनामत वेगळी घेतात, मग परत केला की पैसे परत. जुन्या नगरभवनाच्या सज्जातून पितळी वाद्यांचा ताफा वाजतो तो ऐकावा. याच इमारतीत १७२३ मध्ये बाखने नोकरीच्या करारावर सही केली, आणि चित्रकार हाउसमानने १७४६ साली काढलेलं त्याचं चित्र इथेच आहे.

आजच्या दिवसाचं खरं काम मात्र खरेदी. २४ ला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात आणि २५, २६ दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी. मुख्य स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात, पण तिथे रांगा लागतात. शाकाहारी मंडळींनी तीन दिवसांचं ब्रेड, चीज, दही, फळं, भाजी आजच भरावी. स्वयंपाकघर असलेली जागा घेतली असेल तर तांदूळ-डाळ घरून आणलेली बरी. ड्रेस्डेनचा श्टोलेन (नाताळचा सुकामेव्याचा केक) महिनाभर टिकतो, तो शेवटच्या दिवसासाठी राखून न ठेवता आत्ताच घ्यावा.

संध्याकाळी काथारिना रस्त्यावरून एक चक्कर मारावी. इथे झिमरमानचं कॉफीघर होतं, डिसेंबर १९४३ च्या बाँबहल्ल्यात ते गेलं. बाखचा कोलेगियुम मुझिकुम म्हणजे विद्यार्थी आणि हौशी-व्यावसायिक वादकांचा संच, हिवाळ्यात दर शुक्रवारी रात्री आठ ते दहा इथे वाजवायचा. जत्रेच्या काळात आठवड्यातून दोनदा. नववर्षाची जत्रा जानेवारीच्या पहिल्या दिवसापासूनच लागायची, म्हणजे चर्चचं काम संपायच्या आत कॉफीघराचं दुप्पट व्हायचं.

आणि तरी डिसेंबरचे पहिले आठवडे लाइपझिगच्या चर्चमध्ये शांतता असायची. अ‍ॅडव्हेंटच्या दुसऱ्या रविवारपासून चौथ्यापर्यंत वाद्यांसह मोठं संगीत करायची प्रथा नव्हती. दर रविवारी एक कांटाटा (गायक-वादकांसाठी अनेक तुकड्यांची रचना) उभा करणाऱ्या माणसाला वर्षात मिळणारी ही मोठी फट. ती मोकळी नव्हती, सहा भागांचं लेखन आणि प्रतिलेखन त्यातच बसवायचं होतं.

घरात हे काम कसं चाले ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. कागदावर पाच रेघा एकदम ओढायला पाच टोकांचं टाक असतं, रास्ट्राल. आधी पानंच्या पानं रेघून ठेवायची. मग बाखच्या मूळ संहितेवरून प्रत्येक वाद्याचा आणि आवाजाचा वेगळा कागद उतरवायचा: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, पहिलं व्हायोलिन दोन प्रती, दुसरं दोन प्रती, व्हिओला, फुंकवाद्यं एकेक, बास ओळीच्या अनेक प्रती. वाजवणारे दोघे एका कागदावरून वाचत. प्रती करणारे म्हणजे शिष्य, शाळेतली मोठी मुलं, आणि घरचे. आना माग्दालेनाचं अक्षर नवऱ्याच्या अक्षराशी इतकं मिळतं की अभ्यासकांनाही ओळखायला वेळ लागला. शाई लोहयुक्त, ती वाळायच्या आत पान उलटलं की डाग, आणि जाड लावली की तीनशे वर्षांत कागद खाते. बर्लिनच्या संग्रहातली बाखची कित्येक पानं त्यासाठीच पापुद्रे वेगळे करून, मध्ये आधार घालून वाचवावी लागली.

सगळ्यांत घातक चूक ऑर्गनच्या प्रतीत होते. लाइपझिगचे ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा एक पूर्ण स्वर चढे लावलेले होते. म्हणून, आपल्या पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर, सगळे पांढरी दोनमध्ये वाजवत असले तर ऑर्गनवादकाचा कागद पांढरी एकमध्ये लिहावा लागे. तो उतरवून लिहायचा राहिला, किंवा चुकून साधी प्रत वादकापुढे गेली, की पहिल्याच स्वराला सगळं फाटणार. (त्या वेळची वाद्यांची पट्टी आजच्यापेक्षा अर्धा स्वर खाली होती. म्हणजे त्यांचं पांढरी दोन आज आपल्या पेटीवर काळी एकच्या आसपास येतं. जुन्या वाद्यांवरचं ध्वनिमुद्रण ऐकताना पेटी जवळ घेऊन बसलात तर गोंधळू नका.)

२४ डिसेंबर

दुपारनंतर दोन्ही चर्चमध्ये ख्रिस्तवेस्पर, नाताळच्या पूर्वसंध्येची उपासना. सेंट थॉमसला थॉमानर मुलं गातात. हा गायकसंच १२१२ पासूनचा, आज सुमारे शंभर मुलं, आणि ती अजूनही वसतिगृहातच राहतात. जागा हवी असेल तर दीड तास आधी रांगेत उभं राहायची तयारी ठेवावी. तापमान शून्याच्या आसपास. दोन जोड लोकरी मोजे, जाड तळव्याचे बूट, बसायला घडीची गादी. चर्चमध्ये ऊब असते पण फरशी गार असते, पाय आधी गारठतात.

एक व्यावहारिक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सेंट थॉमसमध्ये गायक आणि वादक पश्चिमेच्या गॅलरीत असतात, आणि मधल्या बाकांवरचे लोक पूर्वेकडे तोंड करून बसतात. संगीत पाठीमागून येतं. वादकांचे हात बघायचे असतील तर बाजूच्या गॅलरीतली, पश्चिमेकडची जागा घ्यावी. ‘दृश्य नाही, फक्त श्रवण’ अशी स्वस्त तिकिटं असतात, ती कानासाठी वाईट नाहीत. दोन्ही चर्चचं बाखच्या वेळचं अंतरंग आज नाही: निकोलाय अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण बदललं, थॉमस एकोणिसाव्यात. त्या काळी लाकडी गॅलऱ्या आणि बाकांची दाटी आवाज शोषून घेई. आज नाद जास्त रेंगाळतो आणि जलद कोरसमधले बारीक स्वर एकमेकांत मिसळतात. शक्य तितकं जवळ बसावं.

थॉमानर मुलांचं मोटेट (गायनप्रधान छोटी उपासना) शुक्रवारी संध्याकाळी सहाला आणि शनिवारी दुपारी तीनला असतं, कार्यक्रमपत्रिकेचे दोन-तीन युरो हाच प्रवेश. नाताळनंतर मुलं सुट्टीवर घरी जातात, तेव्हा पाहुणे संच असतात. थॉमानर ऐकायचेच असतील तर अ‍ॅडव्हेंटमध्ये यावं किंवा आजचा दिवस चुकवू नये.

२५ डिसेंबर, भाग पहिला

१७३४ ला हा शनिवार होता. सकाळी सेंट निकोलाय, दुपारी सेंट थॉमस. मुख्य उपासना सातला सुरू व्हायची. या दिवसांत सूर्य सव्वाआठला उगवतो, म्हणजे वादकांनी वाद्यं लावली ती अंधारात, मेणबत्त्यांवर. शुभवर्तमान वाचून झालं की संगीत, मग तासभर प्रवचन, मग प्रभुभोजन. सगळं मिळून तीन-चार तास. दीडच्या सुमारास दुपारची उपासना, दुसऱ्या चर्चमध्ये. मधल्या वेळात ट्रम्पेट, नगारे, कागदांचे गठ्ठे, मुलं, सगळं त्या आठ-दहा मिनिटांच्या रस्त्याने पलीकडे. तोच रस्ता आज सकाळी सातला, कोळशासारख्या अंधारात, चालून बघावा.

पहिला स्वर एकट्या नगाऱ्याचा आहे, आणि त्याचं कारण ओरेटोरिओत नाही. हा कोरस मुळात सॅक्सनीच्या (लाइपझिग याच राज्यात) इलेक्टरच्या, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राज्यकर्त्याच्या राणीच्या, मारिया योझेफाच्या वाढदिवसासाठी ८ डिसेंबर १७३३ ला झालेल्या कांटाटाचा. त्याचे शब्दच होते, ‘वाजा रे नगाऱ्यांनो, गर्जा रे ट्रम्पेटांनो’. नगारा म्हटलं की नगारा वाजतो. बाखने तीच चाल ठेवली आणि तिच्यावर नवे शब्द घेतले. ओरेटोरिओतले कित्येक कोरस आणि एकल गाणी अशीच दरबारी कांटाटांतून आली. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. अमुक बंदिशीच्या चालीवर, तमुक लावणीच्या चालीवर पद बांधायचं, हे आपल्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं. वाढदिवस एकदाच होतो. चांगली चाल एकदाच वाजवून पेटीत टाकायची हे बाखसारख्या काटकसरी गृहस्थाला न पटणारं होतं.

नगारे दोन, एक षड्जाला आणि एक खालच्या पंचमाला. कातडं वासराचं. हवेत ओल वाढली की ते सैल पडतं आणि स्वर उतरतो. दीड-दोन हजार माणसं ओल्या कोटांनिशी आत आली की तेच होणार. त्यात सुरुवात एकट्या नगाऱ्याची, लपायला जागा नाही. वादक शेवटच्या क्षणी कडेचे स्क्रू पिळताना दिसतील, ते यासाठी.

ट्रम्पेट तीन, तेही बिनझडपांचे. नळीची लांबी ठरलेली, ओठांच्या ताणाने फक्त तिचे स्वाभाविक उपस्वर निघतात. खालच्या सप्तकात ते लांब लांब असतात, वरच्या सप्तकात जवळ येतात, म्हणून पहिल्या ट्रम्पेटला कायम उंचावर राहावं लागतं. अकरावा उपस्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधोमध पडतो, तो ओठाने खाली किंवा वर ओढून जागेवर आणायचा. थंड पितळ उतरलेलं वाजतं; वादक गप्प असतानाही नळीत श्वास सोडत राहतो तो ऊब टिकवायला. या वर्षी आणखी एक अडचण होती. शहराचा ज्येष्ठ नगरवादक आणि बाखचा भरवशाचा ट्रम्पेटवाला गॉटफ्रीड राइखे, ५ ऑक्टोबर १७३४ ला राजासमोरच्या उघड्यावरच्या कार्यक्रमात वाजवून आला आणि दुसऱ्या दिवशी वारला. अडीच महिन्यांनी हा भाग. आठवा क्रमांक, बासचं ‘ग्रोसर हेर’, त्यात ट्रम्पेट एकटा पुढे येतो. तो ऐकताना हे आठवतंच.

२६ डिसेंबर, भाग दुसरा

आज उलट: सकाळी थॉमस, दुपारी निकोलाय. ट्रम्पेट-नगाऱ्यांना सुट्टी. आमच्या मते सहांतला सगळ्यांत देखणा भाग हाच.

सुरुवातीला कोरस नाही, फक्त वाद्यांची सिंफोनिया. सहा भागांत असं एकदाच. एका बाजूला बासऱ्या आणि तंतुवाद्यं, दुसऱ्या बाजूला दोन ओबो दामोरे आणि दोन ओबो दा काच्चा. पहिला गट वरचा, देवदूतांचा, दुसरा मेंढपाळांचा. दोघं आधी आळीपाळीने बोलतात, मग एकमेकांत येतात. संग्रहालयात कान तयार केला तो यासाठी. वाजवायला ही सिंफोनिया दिसते त्याहून अवघड: १२/८ चा झुलता ठेका, आणि चार ओबोंच्या रीडा (फुंकायच्या टोकाच्या वेताच्या पट्ट्या) चार तऱ्हेने वागतात. थंड कोरड्या हवेत रीड आखडते आणि स्वर फुटतो. म्हणून वादक ती तोंडात ओली ठेवतो, आणि एक जास्तीची रीड खिशात, अंगाच्या उबेत.

एकोणिसावा क्रमांक पाळणा आहे, ‘श्लाफे, माइन लीब्स्टर’. आल्टो गाते आणि बासरी तीच ओळ एक सप्तक वर धरते. हाच पाळणा सप्टेंबर १७३३ च्या कांटाटात तरुण हर्क्युलिसला भुलवायला विलासिनी (भोगविलासाचं मूर्त रूप) गात होती, सोप्रानोत आणि चढ्या पट्टीत. बाखने तो उतरवून पांढरी पाचमध्ये आणला आणि मोहाचं गाणं पाळण्यावर नेऊन ठेवलं. गाणाऱ्यासाठी सापळा पहिल्याच लांब स्वरात आहे. तो न थरथरता, न वाढवता सुरू करायचा आणि मगच फुलवायचा. श्वास चोरून घेतला तर पुढची ओळ अर्ध्यात तुटते. आणि लक्षात घ्या, लाइपझिगच्या चर्चमध्ये तेव्हा बायका गात नसत. हे सगळं शाळेतल्या मुलांच्या गळ्यातून आलं. घरात दरबारी शिक्षण झालेली सोप्रानो होती, आणि रविवारी ती खाली बाकावर बसून ऐकत असे.

मुलं किती, याचा अंदाज बाखच्याच कागदावरून येतो. २३ ऑगस्ट १७३० ला नगरपालिकेला दिलेल्या निवेदनात तो म्हणतो की एका संचाला निदान १२ गायक हवेत, १६ असले तर उत्तम, आणि १८ ते २० वादक. शेवटी हजेरीपटच मांडतो: १७ कामाचे, २० अजून तयार न झालेले, १७ निरुपयोगी. मुलांमधून चार चर्चसाठी चार संच काढायचे. पहिला संच त्याच्या हाताखाली, बाकीचे मोठ्या विद्यार्थ्यांच्या. हिवाळ्यात घसे बसले की १२ चे ८ व्हायला वेळ लागत नसणार.

२७ डिसेंबर, भाग तिसरा

आज जर्मनीत कामाचा दिवस आहे, पण १७३४ मध्ये नाताळचे दिवस तीन होते. फक्त सकाळी, फक्त निकोलाय. ट्रम्पेट परत येतात, आणि सुरुवातीचाच कोरस शेवटी पुन्हा म्हणायचा, म्हणजे तालमीचा एक तास वाचला.

एकतिसावा क्रमांक, आल्टो आणि एकटं व्हायोलिन, ‘श्लीसे, माइन हेर्त्से’. संबंध ओरेटोरिओतली ही एकच आरिया (एकल गाणं) मुद्दाम नवी रचलेली, बाकीच्यांना जुन्या चाली आहेत. मूळ संहितेत इथे खाडाखोड दिसते, कारण बाकी ठिकाणी तो उतरवत होता आणि इथे रचत होता.

निकोलाय चर्चमध्ये आज आतले खांब वर ताडाच्या झावळ्यांसारखे फुटलेले दिसतात. १९८९ चे पूर्व जर्मनीच्या राजवटीविरुद्धचे सोमवारचे मोर्चे इथल्या प्रार्थनांतूनच सुरू झाले. बाहेरच्या चौकात त्या खांबाची एक प्रत उभी आहे.

२८ ते ३१ डिसेंबर

यात एक दिवस ड्रेस्डेनला द्यावा, गाडीने सव्वा तास. फ्रीडेमानचं सोफिया चर्च १९४५ मध्ये जळालं आणि साठीच्या दशकात उरलेलंही पाडलं. बाकी दिवस विश्रांती. ३१ च्या रात्री फटाके रस्त्यातच उडवतात, कानाला जपणाऱ्यांनी बाजारचौक टाळावा.

थॉमस शाळेच्या मुलांना हे दिवस विश्रांतीचे नव्हते. नववर्षाच्या सुमारास ती गटागटाने घरोघर गात फिरत आणि पैसे गोळा करत. त्यातला ठरलेला वाटा शिक्षकांना आणि कांटोरला जाई. उघड्यावर, थंडीत, दिवस दिवस गाणं. एक तारखेला त्याच गळ्यांकडून पुन्हा कोरस गाऊन घ्यायचा होता.

१ जानेवारी, भाग चौथा

सकाळी थॉमस, दुपारी निकोलाय. शुभवर्तमानाची फक्त एक ओवी, बाळाचं नाव ठेवलं ती. सात क्रमांक, सगळ्यांत आटोपशीर भाग, आणि एकदम पांढरी चारमध्ये. कारण इथे ट्रम्पेटऐवजी दोन हॉर्न आहेत. हा भाग कार्यक्रमांतून नेहमी गळतो ते यामुळेच: दोन हॉर्नवादक एवढ्याच भागासाठी बोलवायचे आणि बाकी वेळ बसवून ठेवायचे, हे संयोजकांना परवडत नाही. गळू नये असं फार वाटतं. एकोणचाळिसाव्या क्रमांकात सोप्रानो प्रश्न विचारते आणि लांबून दुसरी सोप्रानो एकाच शब्दाने उत्तर देते, मागे ओबोही तोच प्रतिध्वनी धरतो. प्रतिध्वनीची मुलगी किंवा मुलगा कुठे उभा करायचा, हाच प्रश्न. फार जवळ उभं केलं तर खेळ कळत नाही. फार लांब असेल तर आवाज उशिरा पोहोचतो. दर ३४ मीटरला सेकंदाचा दहावा भाग. प्रतिध्वनीवाल्याने कानावर न जाता हात बघून, किंचित आधी गायचं.

२ जानेवारी, भाग पाचवा

रविवार. फक्त निकोलाय, फक्त सकाळी. पितळी वाद्य एकही नाही. दोन ओबो दामोरे आणि तंतुवाद्यं, पांढरी सहामध्ये. आदल्या दिवशी दोन चर्च झालेली, चार दिवसांनी पुन्हा ट्रम्पेटचा मोठा भाग. इथे ताफ्याला दम खाऊ दिला हे उघड आहे. सुरुवातीचा कोरस मात्र हलका नाही: जलद, उड्या मारणारा, आणि दमलेल्या मुलांना पोटातून श्वास घ्यायला लावणारा.

६ जानेवारी, भाग सहावा

सॅक्सनीत आज सुट्टी नसते, शेजारच्या सॅक्सनी-आनहाल्टमध्ये असते. हाले तिथेच, लोकलने पाऊण तासाच्या आत. संगीतकार हेन्डेलचं गाव, आणि १७४६ पासून फ्रीडेमानचंही. तिथे जाण्यापूर्वी दुकानं बंद असतील हे धरून चालावं.

१७३५ मध्ये सकाळी थॉमस, दुपारी निकोलाय. तिन्ही ट्रम्पेट, नगारे, पूर्वेकडचे ज्ञानी आणि हेरोद. शेवटचा कोराल, म्हणजे चर्चमधलं समूहगीत, हा ट्रम्पेटचा जवळजवळ स्वतंत्र कॉन्चेर्तो (एका वाद्याला पुढे ठेवणारी रचना) आहे. मुलं साध्या सुरावटीत एकेक ओळ म्हणतात आणि मधल्या जागा ट्रम्पेट भरतो. तेरा दिवसांतला हा त्याचा सगळ्यांत खडतर तुकडा, आणि तो अगदी अखेरीला, ओठ सुजलेले असताना. आजचे वादकही सहा भाग एका दिवसात घेतले की याच पानाला घाबरतात. कोणी सहाही भाग एका बैठकीत देणार असेल तर तिकीट काढण्यापूर्वी मध्ये जेवणाची सुट्टी आहे ना ते बघून घ्यावं. वादकांनाही तिची तेवढीच गरज असते.

७ जानेवारी, बर्लिन

परतीचं विमान बर्लिनहून घेतलं तर दुपार हाताशी राहते. बाखच्या मृत्यूनंतर, १७५० मध्ये कागदपत्रांची वाटणी झाली तेव्हा या ओरेटोरिओची संहिता आणि प्रती कार्ल फिलिप एमानुएलकडे गेल्या, म्हणजे १७३४ च्या त्या नाताळात घरी नसलेल्या मुलाकडेच. पुढे त्या बर्लिनच्या झिंगआकाडेमी या गायनसंस्थेकडे आल्या आणि त्याच संस्थेने १८५७ मध्ये बाखनंतरचा पहिला पूर्ण प्रयोग केला. आज त्या बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहेत. मूळ पानं नाजूक असल्याने सहसा बाहेर काढत नाहीत, पण ‘बाख डिजिटल’ या संकेतस्थळावर प्रत्येक पान फुकट आणि मोठं करून बघता येतं. पहिल्या कोरसमध्ये गायकांच्या ओळीखाली बघा: हात सवयीने जुनेच शब्द लिहून गेला होता, ‘वाजा रे नगाऱ्यांनो’. ते खोडून त्याने नवे लिहिले आहेत.